दाराला धडक बसते तेव्हा : वाहतूक खात्याला आणि साबांखाला खुले पत्र

प्रति,
मा. वाहतूक संचालक, गोवा राज्य, आणि
मा. प्रमुख अभियंता, सार्वजनिक बांधकाम खाते (साबांखा)

महोदय,

फोंडा तालुक्यात माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. अपघातातल्या चारचाकी टोचन करून माझ्याकडे येतात. त्यांतल्या एकाच जातीबद्दल हे पत्र आहे : दाराला धडक बसलेल्या गाड्या. दोन खात्यांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण यातलं अर्धं काम गाडीचं आहे आणि अर्धं रस्त्याचं. एका खात्याला लिहिलं की ते दुसऱ्याकडे बोट दाखवतं, हे गोव्यात कुणाला नव्यानं सांगायला नको.

समोरून आपटलेली गाडी बघायला भयंकर असते. बोनेटची घडी झालेली, रेडिएटर फुटलेला, इंजिन मागे सरकलेलं. पण दारं बहुधा उघडतात आणि आठवड्याभरात हाताला प्लास्टर घातलेला मालक विम्याच्या सर्व्हेअरबरोबर येऊन उभा राहतो. दाराला धडक बसलेली गाडी समोरून पाहिली तर काचेला तडासुद्धा नसतो. बाजूला गेलं की दार सीटला जाऊन टेकलेलं दिसतं. अशा गाडीबरोबर बऱ्याचदा मालक येत नाही. भाऊ येतो, नाहीतर मेव्हणा.

कारण सरळ आहे. पुढच्या बंपरपासून ड्रायव्हरच्या गुडघ्यापर्यंत चुरगळायला भरपूर लोखंड असतं. ते चुरगळताना धडकेचा जोर खाऊन टाकतं. दारात काय असतं? बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधे एक आडवी नळी किंवा पट्टी, काच उतरायची फट, वरून प्लास्टिकचं पॅड. सगळं मिळून वीतभर, फार तर दीड वीत. तेवढ्या जागेत समोरच्याची अख्खी गाडी थांबायची आहे. म्हणून बाजूची एअरबॅग पुढच्या एअरबॅगपेक्षाही लवकर उडावी लागते. धडक लागल्यापासून साधारण १० ते २० मिलिसेकंदांत तिला सुटावं लागतं, तिथे पापणी लवायलाही त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यासाठी काही गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. पत्रा आत दबला की पोकळीतली हवा दाबली जाते, आणि तेवढ्यावर संगणक निर्णय घेतो.

या एअरबॅगा दोन तऱ्हेच्या. एक सीटच्या पाठीच्या कडेतून बाहेर येते, ती बरगड्या आणि पोट सांभाळते. दुसरी छताच्या कडेत गुंडाळून ठेवलेली असते, ती पडद्यासारखी काचेवरून खाली उतरते आणि डोकं सांभाळते. दोन्हींत मोलाची ही पडद्याची. कारण बाजूनं येणारा ट्रक असो की उंच बोनेटची एसयूव्ही, तिची धडक दाराच्या वरच्या अंगाला आणि काचेवर येते, आणि काचेमागे माणसाचं डोकं असतं. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिच्या अभ्यासात, ड्रायव्हरच्या बाजूला धडक बसली तर डोकं सांभाळणाऱ्या बाजूच्या एअरबॅगमुळे कारचालकाचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी आणि एसयूव्ही चालकाचा ५२ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. फक्त छातीची एअरबॅग असेल तर कारमध्ये तोच फायदा २६ टक्क्यांवर येतो.

एअरबॅग म्हणजे सगळं नव्हे, हेही डेंटर म्हणून सांगायला हवं. दोन दारांमधला उभा खांब, ज्याला आम्ही बी-पिलर म्हणतो, आणि दाराखालचा सिल, हे दोन तगले नाहीत तर एअरबॅगला फुगायलाच जागा उरत नाही. आणि पट्टा न लावलेला माणूस धडकेबरोबर सीटवरून सरकून पलीकडच्या माणसावर आपटतो. पट्टा लावलेला असला तरी विरुद्ध बाजूच्या धडकेत खांद्यावरून पट्टा निसटतो आणि पुढचे दोघे एकमेकांची डोकी फोडतात. त्यासाठी आता काही गाड्यांत दोन सीटांच्या मधेही एअरबॅग येऊ लागली आहे.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची खरं तर गरज नसावी. ३ जून २०१४ रोजी पहाटे दिल्लीत गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात मंत्री होऊन त्यांना आठवडाच झाला होता. चौकात दुसऱ्या कारनं त्यांच्या गाडीला बाजूनं धडक दिली. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. मान आणि यकृत यांना झालेल्या इजेनं ते गेले. धडक देणारा ट्रक नव्हता, डंपर नव्हता, साधी छोटी कार होती. त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्यावर महिनाभर चर्चा झाली. बाजूच्या धडकेवर झाली नाही.

आता कायद्याकडे येतो. आपल्याकडे गाडीला बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली ती १ ऑक्टोबर २०१७पासून, तीही नव्यानं बाजारात येणाऱ्या मॉडेलांना. आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१९पर्यंत मुदत होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे २०१६ साली घेतलेली, ही चाचणी कधीच न दिलेली गाडी २०३१पर्यंत आपल्या रस्त्यावर रीतसर धावेल, आणि पुढे नूतनीकरण झालं तर त्यानंतरही. चाचणी कशी असते? ९५० किलोचा एक गाडा, पुढे चुरगळणारं तोंड बसवलेला, ताशी ५० किलोमीटर वेगानं उभ्या गाडीच्या दारावर आणून आदळतात. आज रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या एसयूव्ही याहून कितीतरी जड आहेत. चिरे भरलेल्या ट्रकची तर गोष्टच सोडा.

सहा एअरबॅगांचा मसुदा केंद्रानं जानेवारी २०२२मध्ये काढला होता. तो ऑक्टोबर २०२२पासून लागू व्हायचा होता, मग वर्षभर पुढे गेला, आणि शेवटी सक्ती नको असं ठरलं. त्याऐवजी ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप आलं, म्हणजे गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासायची योजना. त्यात तारे मिळतात, पण गाडी पाठवायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर गाडीला खांबाची चाचणीही द्यावी लागते : गाडी आडवी सरकवत एका लोखंडी खांबावर आदळतात, वेग ताशी २९ किलोमीटर.

महोदय, ५० आणि २९ हे दोन आकडे लक्षात ठेवा. माझं सगळं म्हणणं यांच्याभोवतीच आहे. चांगल्यातली चांगली गाडी आपल्याकडे बाजूच्या धडकेसाठी तपासली जाते ती ५०ला, आणि खांबासाठी २९ला. यापुढे काय होईल याची हमी कुणीच दिलेली नाही. वेग दीडपट झाला की धडकेचा जोर सव्वादोन पट होतो, शाळेतलं गणित आहे. स्वीडनच्या संसदेनं १९९७मध्ये रस्त्यावर कुणीही मरू नये असं धोरण स्वीकारलं, आणि त्यांच्या रस्ते अभियंत्यांनी हाच हिशेब उलटा मांडला. गाड्या एकमेकींना काटकोनात आदळू शकतील अशा जागी वेग ५०च्या वर जाऊ द्यायचा नाही. जास्त वेग हवा असेल तर तो छेदच बंद करायचा, वरून किंवा खालून न्यायचा.

आता आपला राष्ट्रीय महामार्ग ६६ बघा. पत्रादेवीहून आत येताना रुंद, गुळगुळीत, ८०-९०चा वेग सहज लागणारा. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाल्यापासून धारगळच्या बाजूला रात्री-अपरात्री सुद्धा वर्दळ असते. आणि या रस्त्याला गावांचे रस्ते थेट येऊन भिडतात, दुभाजकात वळायला खिंडी आहेत. कोलवाळ, गिरी, कुठ्ठाळी, वेर्णा, कुठेही उभे राहा. फोंड्याहून पणजीला जाताना कुंडई, भोम, बाणस्तारी ही तीच तऱ्हा. उसगाव-तिस्कला तर बेळगावकडून घाट उतरलेले ट्रक येतात. महामार्गाचा वेग आणि गावाचं तोंड एकाच पातळीवर ठेवलं, तर धडक बसणार ती दारालाच.

त्यातही एक गोष्ट माझ्या गॅरेजात दिसते, ती आपल्या अभियंत्यांनी जरूर तपासावी. आपण डावीकडून गाडी चालवतो. उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या वाहनापुढे आपण गाडीची डावी बाजू आडवी धरतो. ड्रायव्हर उजवीकडे असतो. डावीकडे बायको असते, नाहीतर आई, आणि मागे डावीकडे मुलं, कारण त्याच दारानं चढ-उतार करायची आपली सवय. वळायचा निर्णय एकाचा आणि धडक दुसऱ्याला.

उपाय माहीत नाहीत असं नाही. छेदावर वर्तुळ (राउंडअबाउट) बांधलं की काटकोनातली धडक तिरकी होते आणि सर्वांचा वेग आपोआप उतरतो. जिथे वर्तुळाला जागा नाही तिथे छेदाचा भाग उंचवटा करून वर उचलता येतो. नुसते रंबलर, म्हणजे रस्त्यावरच्या खडखडणाऱ्या पट्ट्या, पुरत नाहीत, त्यांवरून लोक सवयीनं ८०नं जातात. वेगाची पाटी लावून मोकळं होणं तर बंदच करा. आणि छेदाजवळचं दिसणं. आपल्याकडे तिठ्यावरच नेमका नेत्याच्या वाढदिवसाचा फलक लागतो, नेमका तिथेच गाडा उभा राहतो, आणि गल्लीतून येणाऱ्याला मुख्य रस्ता बघायला नाक बाहेर काढावं लागतं. नाक म्हणजे बोनेट. साबांखानं प्रत्येक तिठ्यावर दोन्ही बाजूंचा कोन मोकळा ठेवला तरी निम्मं काम होईल असं माझं मत आहे, आणि त्याला पूल लागत नाही की टेंडर.

खांबांचं वेगळं. अंतर्गत रस्त्यांवर आपल्याकडे डांबराची कड संपते तिथे चिऱ्यांचा गडगा, विजेचा खांब किंवा माड सुरू होतो. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर धूळ, तेल आणि लाल मातीचा लगदा होतो. वळणावर गाडीचा मागचा भाग सुटतो, गाडी आडवी फिरते आणि बरोबर दारावर जाऊन थांबते. खांब अरुंद असतो, त्यामुळे सगळा जोर एका पट्ट्यात येतो. दार, सीट, माणूस, या क्रमानं आत शिरतो. आणि चाचणी, पुन्हा सांगतो, २९ची. माड तोडा असं मी म्हणत नाही. कुणी म्हटलं तर मीच आडवा येईन. पण खांब सरकवता येतात. रस्ता रुंद करताना खांब जुन्याच जागी ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंनी डांबर ओतायची जी पद्धत पडली आहे ती थांबवता येते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला गार्ड रेल लावता येते.

आता वाहतूक खात्याकडे वळतो. तुमच्या हातात दिल्लीची वाट न पाहता करण्यासारखं बरंच आहे.

सर्वांत आधी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या रेंट-अ-कॅब. त्या चालवतो तो माणूस आपल्या रस्त्यांना नवा, गाडीला नवा, सुट्टीच्या भरात, आणि गाडीत चार-पाच जण. त्यात उघड्या टपाच्या जीपांची हौस. पडद्याची एअरबॅग छताच्या कडेत असते. जिथे छतच कापडाचं तिथे ती ठेवणार कुठे? पर्यटकाला हे कुणी सांगत नाही. नवीन परवाने देताना आणि जुनी गाडी बदलताना छाती व डोकं दोन्हींच्या बाजूच्या एअरबॅगा आणि गाडी आडवी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा असलेलीच गाडी चालेल, अशी अट घालण्याचा मार्ग काढा. महाग पडेल ही ओरड आता टिकत नाही. २०२३मध्ये एका मोठ्या कंपनीनं आपल्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅगा दिल्या, आणि २०२५पासून ऑल्टोसारख्या अगदी लहान गाडीतही त्या येतात. अट घालायला कायदा आड येत असेल तर निदान भाडेकरारावर गाडीचे तारे आणि एअरबॅगांची संख्या ठळक छापायला लावा. आणि सरकारी खाती भाड्यानं घेतात त्या गाड्यांच्या निविदेत तर आजपासून ही अट घालता येईल, तिथे कोण अडवतं?

दुसरं, फिटनेस. टॅक्सी पासिंगला येते तेव्हा लाईट, हॉर्न, टायर बघितले जातात. एअरबॅगचा दिवा बघा. चावी फिरवली की तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. सतत लागून राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागला नाही तर त्याहून वाईट, कारण अपघातानंतर नवी एअरबॅग घालायचा खर्च वाचवून वायरिंगमध्ये जुगाड करून दिवा गप्प केलेला असू शकतो. आमच्या धंद्यात हे चालतं, सगळे जाणतात. बी-पिलरचंही तसंच. हल्लीच्या गाड्यांत तो तापवून साच्यात दाबलेल्या खास कडक पोलादाचा असतो. गॅसची ज्योत लावून ठोकला की तो दिसायला सरळ होतो, वर पुटी आणि रंग बसला की कंपनीतून आल्यासारखा दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते. अशी गाडी मग जुन्या बाजारात 'एकहाती वापरलेली' म्हणून विकली जाते. मालकी हस्तांतराच्या वेळी अपघात-दुरुस्तीची नोंद दाखवणं बंधनकारक करता आलं, तर माझ्यासारख्यांचा थोडा धंदा बुडेल. बुडू दे.

सीट कव्हरचं कुणी मनावरच घेत नाही. नवीन गाडी शोरूममधून निघते ती थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात. तिथे सीटला रेग्झिनचं घट्ट कव्हर शिवतात आणि पाठीच्या कडेतून फुटायची एअरबॅग आतल्या आत कोंडतात. ज्या सुरक्षेसाठी माणसानं पैसे मोजले, ती दुसऱ्याच दिवशी पैसे देऊन बंद केली! कडेला उघडं असलेलं किंवा तिथे मुद्दाम कच्ची शिवण घातलेलं कव्हर मिळतं. दुकानदारांना तुमच्या खात्याचं एक परिपत्रक गेलं तरी पुष्कळांना पहिल्यांदाच कळेल. तीच गोष्ट पुढे बसवलेल्या लोखंडी गार्डांची. केंद्रानं डिसेंबर २०१७मध्येच त्यांना मनाई केली. तरी म्हापशापासून काणकोणापर्यंत ते दिसतात. असा गार्ड दुसऱ्याच्या दारात घुसतो तेव्हा स्वतः चुरगळत नाही, सगळा जोर समोरच्याच्या बरगड्यांना देतो.

यावर तुमचा एक प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. गोव्यात रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वाधिक दुचाकीवाले, मग कारमध्ये बसणाऱ्यांची एवढी चिंता कशाला? दुचाकीवाल्याला तर दारच नाही. पण वर मी रस्त्याबद्दल जे जे मागितलं, वर्तुळ, उंचवटा, मोकळा कोन, हटवलेला खांब, त्यातलं प्रत्येक काम स्कूटरवरच्या पोरीला कारवाल्याआधी वाचवतं. फक्त एअरबॅगा आणि पिलर तिच्या कामाचे नाहीत, आणि त्यांना सरकारचा पैसाही लागत नाही.

शेवटची मागणी माहितीची. केंद्राच्या वार्षिक अपघात अहवालात 'बाजूने धडक' हा वेगळा रकाना असतो. पोलिसांकडे अपघातांची नोंद करायचं संगणकीय ॲपही आहे. त्यातून गोव्यापुरती यादी काढा : बाजूनं धडक कोणत्या तिठ्यावर, गाडीच्या कोणत्या अंगाला, आत किती जण, पट्टा होता का, पडद्याची एअरबॅग होती का आणि उडाली का. गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळाच्या) नोंदी त्याला जोडल्या तर कोणत्या धडकेत डोकं गेलं आणि कोणत्या धडकेत पोट, हेही कळेल. आज अपघातप्रवण क्षेत्र ठरतं ते गंभीर अपघातांची आणि मेलेल्यांची संख्या मोजून. कुठे कशी धडक बसते हे कळलं तर कुठे वर्तुळ हवं आणि कुठे रेल, हे कंत्राटदाराला विचारायची पाळी येणार नाही.

पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. भाड्याच्या गाड्यांची अट आणि पासिंगमधली दिव्याची तपासणी, या दोन गोष्टींना त्याआधी हात घालता येईल. तपासनिसांना कापून जोडलेला पिलर कसा ओळखायचा हे बघायचं असेल तर माझ्या गॅरेजात कोणत्याही कामाच्या दिवशी यावं. मागच्या अंगणात दोन-तीन पडलेलेच असतात. दाराचं रबर ओढून वेल्डिंगची शिवण बघायची, पाच मिनिटांचं काम आहे. रविवारी मात्र बंद असतं.

कळावे,

आपला,
फोंडा तालुक्यातील एक डेंटर